बारवेची पोथी

स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून एक वाटी आपोआप घरंगळली, टणकन ओट्यावर आपटली आणि गिरक्या घेत घेत थांबली.

एवढ्या दुपारी घरात दुसरा आवाज नव्हता. शिवकन्या दचकली, कारण तिच्या हातातल्या कादंबरीतली सून नेमकी त्याच वेळी बारवेच्या पायऱ्या चढत होती. उतरताना तिनं एकवीस मोजल्या होत्या. चढताना बाविसावी पायाखाली आली, ओली आणि कोमट. शिवकन्यानं धीर करून पान उलटलं, आणि मागून कुणीतरी तिचा पदर धरला.

"आई, वाटी पडली."

पाच वर्षांची ऋतुजा डोळे चोळत उभी होती. शिवकन्यानं एकशे बाराव्या पानात एसटीचं तिकीट खोवलं आणि पुस्तक मिटलं. लग्न झाल्यापासून तिनं दोनशे तरी पुस्तकं उघडली असतील; शेवटपर्यंत गेलेली मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. पोरगी झोपली की उघडायचं, उठली की मिटायचं. कितीतरी खुनी तिच्या डोक्यात अजून मोकळे फिरत होते.

लिंबेवाडीच्या वाचनालयाची ती ग्रंथपाल होती. सोनपेठची एसटी जिथून वळून परत फिरते तिथली एक खोली, तीन कपाटं, एक पंखा आणि नोंदवहीतले एकोणीस सभासद, एवढी सगळी दौलत. नवरा शिवप्रकाश गंगाखेडला साखर कारखान्यात होता. तो म्हणायचा, "बसायला जागा हाय, डोक्यावर पंखा हाय, पोरगी संगं नेता येतीय. आणखी काय पायजे तुला?" तिला वाचक पाहिजे होते. आणि ती खोलीही पाहिजे होती, कारण दिवसभरात तिला कुणी चहा मागत नाही अशी तेवढी एकच जागा होती.

तीच आता जाणार होती. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष दत्तराव येऊन सांगून गेले.

"हे बघ बाई, खोली मोक्याची हाय. भाच्याला मोबाईलचं दुकान टाकायचंय. मी काय लगेच उठ म्हणायलो न्हाई. पोळ्यापर्यंत पन्नास सभासद करून दाखव. न्हाई झाले तर पुस्तकं शाळेच्या कोठीत."

"कोठीत उंदरं हायेत, काका."

"मग ते वाचतील की. सध्या तरी दुसरं कोण वाचायलंय?"

हे बोलणं तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही कपाटं उपसली, सात पुस्तकं निवडली आणि दाराबाहेर फळा लावला : 'आभाळ भरून आल्यावर वाचायची सात गूढ पुस्तकं'. प्रत्येकात आपल्या अक्षरातली एक चिठ्ठी ठेवली. धरणात बुडालेल्या गावाच्या कादंबरीत लिहिलं, 'येलदरीचं पाणी ज्यांनी संध्याकाळी पाहिलंय त्यांनी आधी वाचा.' गुऱ्हाळातल्या भुताच्या गोष्टींत लिहिलं, 'उसाचा रस पिताना वाचू नका.' आणि बारवेच्या त्या कादंबरीत, जिचं नाव होतं 'एक पायरी जास्त', तिनं लिहिलं, 'दुपारी, घरात कुणी नसताना वाचा. शेवट विसरता येणार नाही.' शेवटाचं तिनं भरवशावर लिहिलं होतं.

आठ दिवसांत फळ्यापाशी दोघंच थांबली. एकानं गंगाखेडची गाडी गेली का ते विचारलं. दुसरी शेळी होती, तिनं अंग घासून 'गूढ' हा शब्द पुसून टाकला.

नवव्या दिवशी मठातले सांबप्पा आले. सांबप्पा निवृत्त शिक्षक. दर श्रावणात ते वाचनालयातली पोथी न्यायचे आणि दुपारी तीनला मठात बायांपुढं वाचायचे. ते पायरी चढत होते तेव्हा शिवकन्या पुस्तकांच्या पाठीवर नावाच्या नव्या पट्ट्या डिंकानं चिकटवत होती. बाइंडरनं वाचनालयाची सगळी जुनी पुस्तकं एकाच लाल कापडात बांधून दिली होती. पोथी काय, कादंबरी काय, पाठीवरची नावाची पट्टी सोडली तर बाहेरून सगळी सख्खी भावंडं. तेवढ्यात ऋतुजाला तहान लागली. शिवकन्या माठाकडं गेली, आली, आणि 'पोथी' लिहिलेलं पुस्तक दोन्ही हातांनी अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते कपाळाला लावलं आणि नेलं.

आठवड्याभरानं नागुबाई आल्या. मठातल्या बायांत त्यांचा मान पहिला.

"ह्या सालची पोथी लय जबर हाय गं माय. इतकी वरसं ऐकायलेय, पर असं काळीज कव्हा हाललं न्हवतं."

"कोणता अध्याय चालू हाय, काकू?"

"ती सून बारवेत उतरती की. उतरताना एकवीस, चढताना बावीस. आमी तर बाविसाव्या पायरीला हातच जोडले."

शिवकन्याच्या हातातला शिक्का शाईच्या डबीत पडला. गूढ पुस्तकांच्या रांगेतलं 'एक पायरी जास्त' तिनं ओढून काढलं. आत पहिल्याच पानावर शंकराची आरती होती.

"ऋतू, ह्या पट्ट्यांना हात लावलास का?"

"ओल्या होत्या," ऋतुजा म्हणाली. "मी अदलाबदल केली. ह्याला हीच छान दिसती."

शिवकन्या पोरीला कडेवर घेऊन मठाकडं निघाली. पोचली तेव्हा वाचन रंगात आलं होतं. सांबप्पांची एक ठरलेली चाल होती. सारं ते त्याच चालीवर वाचत. "तिनं मागं वळूनऽ पाहिलंऽ, ओलं पाऊल उमटलं होतंऽ, पण ते उतरणाऱ्याचं नव्हतंऽ..." बाया गोल करून बसल्या होत्या आणि नेहमीसारख्या कापसाच्या वाती वळत होत्या. एरवी त्यांच्या वाती केसासारख्या बारीक. आज एकेक वात बैलाच्या दाव्याएवढी झाली होती. अप्पांनी अध्याय संपवला आणि साऱ्या जणींनी एका सुरात "हर हर महादेव" केलं, त्यात भक्ती किती आणि धसका किती, हे सांगता आलं नसतं.

प्रसाद वाटून झाल्यावर शिवकन्यानं अप्पांना बाजूला गाठलं.

"अप्पा, माझी चूक झाली. ती पोथी न्हाई, कादंबरी हाय."

"तीस वर्षं मराठी शिकवलंय मी, सूनबाई. पहिल्याच पानाला कळलं."

"मग थांबला का न्हाईत?"

"नारळ फुटला होता. दिवा लागला होता. चाळीस बाया डोळे मिटून बसल्या होत्या. आणि लावलेली पोथी अर्ध्यात सोडायची न्हाई, हा नियम मीच त्यांना शिकवलाय. खरी पोथी मला पाठ हाय. ती सकाळी गाभाऱ्यापुढं म्हणतो, देवाचं देवाला पोचतंय. दुपारची ही मात्र आता पुरी करावीच लागती." मग त्यांनी इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला. "आणि खरं सांगू का, ती जास्तीची पायरी कुणाची हाय, ते कळल्याशिवाय मलाबी चैन न्हाई."

"मग घरी पुढचं वाचून बघा की."

"पोथी पुढं वाचून बघायची नसती." अप्पांनी खिशात हात घातला. "हे तुमचंच ना? एकशे बाराव्या पानात निघालं."

ते एसटीचं तिकीट होतं. शिवकन्यानं ते घेतलं आणि आपली चप्पल शोधू लागली. अप्पांच्या मिशा हलल्या.

एरवी प्रकरण मठातच राहिलं असतं. पण मठामागं गावाची जुनी बारव होती, बाभळीनं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली. एके सकाळी नागुबाईंनी तिच्या पायऱ्या मोजल्या. त्यांच्या चोवीस भरल्या. त्यांच्या जावेच्या पंचवीस. दोघींचं भांडण लागलं, ते मिटवायला मठातल्याच पार्वतीबाई उतरल्या, त्यांच्या तेवीसच भरल्या.

"बाभूळ मधी येतीया," पार्वतीबाई म्हणाल्या. "काढल्याबिगर हिशेब लागायचा न्हाई."

बाभूळ निघाली. मग पिशव्या निघाल्या. तीन सकाळी साऱ्या बाया घमेली घेऊन गाळ उपसत होत्या. ग्रामपंचायतीला दहा वर्षांत जमलं नव्हतं ते नुसत्या मोजणीपायी झालं. बारव लख्ख झाली, सगळ्यांच्या पायऱ्या पंचवीसवर जुळल्या, आणि चौथ्या दिवशी तळाचा शेवटचा गाळ काढताना खालून आणखी एक पायरी निघाली.

एक जास्त.

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर बारवेच्या वाटेनं जाणं बंद झालं. आणि दत्तरावांच्या भाच्यानं मामाला निरोप धाडला, की वाचनालयाच्या खोलीची मागची खिडकी बारवेवर उघडती, आपल्याला ते दुकान बिलकुल नको.

दत्तराव तडक मठात घुसले. दुपारचे साडेतीन झाले होते.

"बंद करा हे. पोथीच्या नावानं भुताटकी सांगायलाव, अप्पा. त्या शिवकन्याला तर मी—"

"दत्तू," नागुबाई वात वळणं न थांबवता म्हणाल्या, "अध्याय चालू हाय. खाली बस."

"काकू, पण—"

"अध्यायात उभं ऱ्हात न्हाईत. बस."

दत्तराव बसले. एकदा बसलेल्यानं अध्याय संपेस्तोवर उठायचं नसतं, हा नियम लहानपणी त्यांच्या पाठीवर धपाटे घालून नागुबाईंनीच शिकवला होता. अध्याय सव्वा तास चालला. मधेच कुणीतरी त्यांच्या हातात कापूस दिला, तोही त्यांनी मुकाट्यानं वळला. "हर हर महादेव" झाल्यावर उठले तेव्हा उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"उद्या किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा अध्याय होता. शिवकन्यानं ठरवलं होतं, काही झालं तरी आज शेवट ऐकायचाच. ऋतुजाला नागुबाईंसोबत पुढं पाठवलं, पंखा बंद केला, कुलूप हातात घेतलं, आणि सोनपेठची एसटी वळली. तिच्यातून शेजारच्या गावच्या आठ बाया उतरल्या.

"पायरीच्या पोथीची लायब्ररी हीच का? आमाला सभासद व्हायचंय."

एकोणीस आणि आठ सत्तावीस. तिनं कुलूप खाली ठेवलं. चौथीचा अर्ज भरताना मठातला अप्पांचा सूर वर चढलेला ऐकू आला. सहावीला आडनावाचं स्पेलिंग आठवेना तेव्हा तो सूर खाली आला. आठवीनं सही केली आणि मठात एकदम शांत झालं. नेहमीचं "हर हर महादेव" आलंच नाही. बऱ्याच वेळानं आलं, तेही दबकं.

मग बाया आल्या. डोळे पुसलेले, तोंडं गंभीर.

"काय झालं शेवटी?" शिवकन्यानं विचारलं.

"न्हाई बाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "तोंडानं सांगायचं न्हाई ते. ऐकायलाच पायजे. आता पुढली पोथी कोणती? ती धरणाची दे. माझं नाव आधी घाल."

"मला गुऱ्हाळाची."

"मला हीच पुन्हा. नातीकडून वाचून घ्यायचीय."

फळ्यावरच्या सातही पुस्तकांना दावेदार मिळाले. शिक्क्याची शाई दोनदा भरावी लागली. आठ जणींवर आणखी बावीस नवी नावं चढली आणि शिवकन्यानं बेरीज केली. एकोणपन्नास. तिनं पुन्हा केली. एकोणपन्नासच. बाया आपापल्या घरी गेल्या. बैलांच्या खांदेमळणीची, खांद्यांना हळद-तूप चोळायची वेळ झाली होती, आता कुणी येणार नव्हतं.

दारात दत्तराव उभे होते. त्यांनी फळा वाचला, खाकरले, पुन्हा फळा वाचला.

"ते बुडालेल्या गावाचं... शिल्लक हाय का?"

"पार्वतीबाईंनी आज नेलंय. त्यांच्यानंतर देते, काका. पण सभासद व्हावं लागंल."

"मी अध्यक्ष हाय गं."

"अध्यक्ष हायेत. सभासद न्हाईत. सभासदाशिवाय पुस्तक द्यायचं न्हाई, हे तुमच्याच सहीनं भिंतीवर लावलंय."

दत्तरावांनी भिंतीवरची आपली सही बराच वेळ पाहिली. मग खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि अर्ज भरला. शिवकन्यानं नोंदवहीत पन्नास हा आकडा नेहमीपेक्षा जरा मोठा काढला आणि शिक्का असा मारला की टेबलावरची दौत उडाली.

"खोलीचं काय, काका?"

"कसली खोली?" दत्तराव उठत म्हणाले. "वाचनालय हाय ते. मागच्या खिडकीला जाळी बसवून घे. आन फळ्यावर सातच कामून? आणखी लिव्ह की."

ती कुलूप लावून निघाली तेव्हा दिवस मावळायला आला होता. ऋतुजा नागुबाईंच्या मांडीवरून उठून आली होती आणि आईच्या कडेवर पेंगत होती. बारवेच्या काठावर बायांनी पणत्या लावल्या होत्या. दाव्याएवढ्या त्या वाती मस्त जळत होत्या. वारा आला तरी एकही विझली नाही. शिवकन्या थांबली. लख्ख पायऱ्या खाली खाली गेल्या होत्या आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर पाणी हलत होतं. एवढं मोठं आपण घडवलं, असं तिला वाटलं, आणि ते मनातल्या मनात वाटून घ्यायला तिनं ऋतुजाला जवळ घट्ट धरलं. 'एक पायरी जास्त'साठी एकतीस जणांची रांग लागली होती. बत्तिसावं नाव तिनं स्वतःचं लिहिलं होतं.

ऋतुजानं डोकं वर केलं.

"आई, शेवटाला मला झोप लागली. नागूआज्जी म्हणती, तुझ्या आईला इचार, तिनंच चिठ्ठीत लिहिलंय, शेवट विसरता येणार न्हाई." तिनं खाली पाण्याकडं बोट केलं. "मग सांग ना, ती जास्तीची पायरी कुणाची होती?"