सत्काराची शाल आणि भिंगरी कोंबडी

एका जंगलात, बाळांनो, कोंबड्या-बदकांचा एक पाडा होता. खाऊनपिऊन सुखी. पण एका साली आक्रीत झालं. सकाळी आरवलेला कोंबडा दुपारी तुरा निळा पडून मान टाकायचा.

वाघोबाने हुकूम सोडला, "साथ आहे. कोणी कोणाजवळ जायचं नाही."

हुकूम शहाणपणाचाच होता. पण हुकूम म्हटला की सभा आलीच.

भिंगरी कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसलेली. उठली असती तर अंडी गारठली असती. तेवढ्यात सरपंच तुरेराव कोंबडे दारात हजर.

"भिंगरे, चल. 'दूर राहा' मोहिमेची सभा आहे. सगळ्यांनी यायचंय."

"दूर राहा सांगायला सगळ्यांना जवळ बोलावलंय, भावजी?"

"अगं, वाघोबाकडून बगळेसाहेब येणार! सत्कार आहेत."

"मग अंड्यांवर तुम्ही बसता का?"

तुरेराव फणकारले. "थांब, तुझं नाव साहेबांच्या कानावर घालतो!"

भिंगरी घाबरली. पण पोटाखाली काहीतरी हललं. ती बसूनच राहिली.

सभा दणक्यात झाली. साहेब उंच फांदीवरून बोलले. खाली सत्कारमूर्ती पुष्कळ, शाल एकच. आजारी असूनही आला म्हणून शिंकणाऱ्या बदकाला पहिला मान. त्याला पांघरली, टाळ्या झाल्या, काढली, पुढच्याला पांघरली. तुरेरावांनी तर दोनदा घेतली.

आठवडाभरात पाडा गप्प झाला. साहेबांनी वाघोबाला कळवलं, "मोहीम फत्ते. आता एकही रोगी नाही."

खरंच नव्हता. एकटी भिंगरी उरली होती, आणि अंड्यांना तडे जात होते.

साहेब तिच्या दारी आले. लांब काठीला तीच शाल अडकवलेली. साहेब स्वतःपुरते जपूनच असत.

"वाचलेल्या एकमेव कोंबडीचा सत्कार!"

भिंगरीने पंख पसरून अंडी झाकली. पळता येईना, नाही म्हणता येईना. मग ती गोड हसली.

"साहेब, मी काय केलं? नुसती बसून होते. मोहीम तुमची. तुमचा सत्कार कसा कुणाला सुचला नाही हो?"

साहेबांना ते अगदी मनातलं वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शाल स्वतःच पांघरली, टाळ्याही स्वतःच वाजवल्या आणि डौलात उडाले.

तळ्याच्या वाटेवर एक शिंक ऐकू आली. इकडे भिंगरीच्या पोटाखाली पहिली चिवचिव झाली.

तात्पर्य: मोठ्यांनी सभेला बोलावलं की निमूट जावं, बाळांनो. नाहीतर जिवंत राहाल, आणि मग सत्कार काही चुकत नाही.