पिशवी घेऊन धावणारा माणूस

आमच्या दिग्रसात पहाटे धावणारे पुष्कळ आहेत, पण हातात पिशवी घेऊन धावणारा एकच. रेक्झिनची काळी पिशवी, चेन तुटलेली, आत टॉवेल, लुंगी आणि पाण्याची बाटली. दारव्हा रोडवर कापसाच्या जिनिंगच्या समोरून प्रेमसिंग राठोड असे निघाले की नवखा माणूस हमखास विचारतो, "काका, गाडी सुटली का?"

"गाडी नाही सुटली, मी सुटलो," काका म्हणतात आणि थांबत नाहीत.

काका यष्टीत कंडक्टर होते. जवळजवळ सारी नोकरी दिग्रस-यवतमाळ गाडीवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण काका काही गाडीतून उतरले नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते "सरका, समोर सरका, मंधात जागा हाये" करत फिरतात. एकदा तर मयतीतही म्हणाले, आणि लोक सरकलेही. घरातून निघताना दाराच्या कडीवर दोनदा वाजवतात, टण टण. डबल बेल झाल्याशिवाय पाय उचलत नाहीत. मी त्यांचा शेजारी. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि सकाळी शटर उचलण्यापलीकडे मी आयुष्यात व्यायाम केलेला नाही. त्यामुळे काकांचं धावणं मी ओट्यावर बसून पाहतो.

हे धावणं सुरू झालं साखरेवरून. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. काकांना चालणं म्हणजे गावोगावी थांबणारी गाडी वाटली, म्हणून ते धावू लागले. त्यात स्टँडवर यवतमाळच्या हाफ मॅरेथॉनचं पोस्टर लागलं. एकवीस किलोमीटर.

"हाफ कायले?" काका उखडले. "मी काय आठ वर्साचा पोट्टा हाय? फुल तिकिटाचा मानूस हाय मी."

"फुल बेचाळीस किलोमीटरची असते, काका."

काकांनी पिशवीची तुटलेली चेन उगाच ओढून पाहिली. "मंग हाफच दे," म्हणाले.

सरावाची तर वेगळीच गंमत. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला काका ठाऊक. ते धावताना दिसले की गाडी करकचून थांबते. "काका, बसा!" थांबलेल्या गाडीला नाही म्हणणं काकांच्या स्वभावात नाही. ते चढतात, पुढच्या फाट्यावर उतरतात आणि पुन्हा धावायला लागतात. मी एकदा म्हटलं, तेवढं अंतर सरावात धरू नका. तर म्हणे, "काहून? पाय माहेच होते ना गाडीत?"

एका संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "आमच्या बंजारा आज्या-पंज्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला," म्हणाले. "मी मानसं लादली. ज्याले त्याले आपापल्या गावी पोचोलं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू घ्याले येशीन ना? पयनं जिथं संपते तिथं?"

"येईन ना काका."

"तसं नाही. बोरी अरबले गाडी थांबली का मी दारातून पाहो. कोनाचा भाऊ उभा राहे, कोनाची माय. जागा भेटली का, म्हनून इचारत. उतरनाऱ्याचा चेहराच पालटे. कंडक्टरले घ्याले कोनी येत नाही रे. मले एकडाव पाहाचं हाय, कसं वाटते तं."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही. काकांना मूलबाळ नाही, आणि काकू जाऊनही आता काही वर्षं झाली. भिंतीपलीकडून येतो तो रेडिओचाच आवाज. त्या दिवसापासून भेट झाली की एकच प्रश्न. भाजी आणताना, दुकानासमोरून जाताना, एकदा तर न्हाणीतून ओरडून: "येशीन ना?"

आदल्या दिवशी आम्ही यवतमाळला माझ्या साळ्याकडे मुक्काम केला. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर एक स्वयंसेवक मुलगी म्हणाली, "आजोबा, पिशवी काउंटरवर जमा करा."

"प्रवाशाचं सामान प्रवाशाजवळच राह्यते, बाई."

"मग माझ्याजवळ द्या," मी म्हटलं. काकांनी पिशवी छातीशी धरली. "आता नाही." बाजूच्या लोखंडी खांबावर त्यांनी टण टण केलं आणि गर्दीत शिरले.

मी शेवटच्या रेषेशी जाऊन उभा राहिलो. पहिले आले, मधले आले, पोट सुटलेलेही आले. ऊन चढलं. मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचू लागले, माइकवाल्यानं वायर गुंडाळली. समोर तर्री-पोह्याची गाडी होती आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पण मी हललो नाही. मी पोहे खायला वळावं आणि नेमके तेव्हाच काका यावेत, याची मला खरोखर भीती वाटत होती.

काका अगदी शेवटी आले. मागे अँब्युलन्स रांगत होती आणि काका तिला हातानं "समोर सरक, समोर सरक" करत होते. शर्ट अंगाला चिकटलेला, एक पाय ओढत होता, पण पिशवी हातात होती. एका मुलीनं गळ्यात पदक घातलं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडीतून उतरलेला माणूस स्टँडवर पाहतो तसे ते इकडंतिकडं पाहत होते.

"काका!" मी पुढे झालो. पाहुण्याला घ्यायला गेलं की आपल्याकडे हात आधी पिशवीलाच जातो. "आणा ती इकडं."

त्यांनी लगेच सोडली नाही. जराशी ओढ लागली, मग सोडली.

"तुही काकू माही पिशवी दारातच घेत जाये," ते म्हणाले. "ड्युटीवरून आलो का चप्पल काढाच्या आंधीच. ती गेल्यापासून माह्या हातची पिशवी कोनी घेतली नाही रे."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काका बाहीनं तोंड पुसत उभे राहिले आणि थोड्या वेळानं माझ्यावरच डाफरले, "अबे, इचार ना मंग! घ्याले आला ना तू?"

"जागा भेटली का, काका?"

"कायची जागा," काका म्हणाले. "सारा रस्ता उभ्यानंच आलो."