शेजारच्या दारातला केर

एका जंगलात, बाळांनो, राजालासुद्धा निवडून यावं लागे. दर पाच पावसाळ्यांनी कौल व्हायचा. झाडाझाडावरून, बिळाबिळातून मतं गोळा व्हायची आणि मग ठरायचं की वाघच राजा. आजवर दुसरं कुणी निवडून आलं नव्हतं. तरी वाघ दर वेळी घाबरायचा. लोकशाहीवर त्याचा तेवढा विश्वास होता.

जंगलाच्या कडेनं नदी वाहायची. नदीच्या या बाजूला अलीकडचं रान, त्या बाजूला पलीकडचं रान. अलीकडच्या राजानं पलीकडे एक वकील नेमला होता. वकील म्हणजे दोन राज्यांमध्ये निरोप नेणारा. हा वकील होता विश्राम करकोचा. लांब पाय, लांब चोच, बोलणं आखूड. सणावाराला नदी ओलांडायची, 'आमचे महाराज आपली आठवण काढतात' असं सांगायचं आणि परत यायचं. पलीकडच्यांना अलीकडे मत नव्हतं, त्यामुळे त्याच्या कामात कुणी लक्ष घालत नसे. विश्राम सुखी होता.

एका वैशाखात पलीकडे वणवा लागला. दोन दिवसांत गवताचं पातं उरलं नाही. राजानं ताबडतोब पळसाच्या पानावर निरोप लिहवून घेतला आणि विश्रामला धाडलं.

विश्राम राखेत उतरला. नदीकाठी चितळांचा कळप उभा होता. पुढे होती ठिपकाई, कळपातली सगळ्यांत वडील चितळीण. विश्रामनं पान उघडून वाचलं, "आपल्यावरील आपत्तीनं आम्हाला तीव्र दुःख झालं आहे."

ठिपकाईनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "दुःख पोचलं, वकीलसाहेब. चारा कधी पोचेल?"

पानावर याचं उत्तर नव्हतं. विश्रामनं पान उलटून पाहिलं. मागेही नव्हतं.

"नदी ओलांडावी तर मगरी आहेत," ठिपकाई म्हणाली. "मागे नुसता कातळ. मृगाचा पाऊस यायला महिना आहे. मोठी आम्ही साल चावून काढू दिवस. पण आयांचं दूध आटलंय."

तिच्या मागे पाडसं होती. विश्रामनं मोजली. अकरा होती. त्यातलं एक त्याच्या पायाला काडी समजून चाटत होतं.

"चार दिवसांत चारा आणतो," विश्राम म्हणाला.

असं बोलायचा अधिकार त्याला नव्हता. वकिलानं कळवतो म्हणायचं असतं. पण बोलून गेला.

नदीच्या वळणावरच्या दरबारात त्यानं सगळं सांगितलं. राजाचे डोळे भरून आले. "हरणांबद्दल मला लहानपणापासून ओढ आहे," तो म्हणाला. "पाठवा चारा. आजच पाठवा."

शेजारी प्रधान बसला होता. प्रधान होता मुंगूस. मतं मोजण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"महाराज, कौलाला किती दिवस उरले?" मुंगसानं विचारलं.

"एकवीस."

"पलीकडच्या हरणांना मत आहे?"

"नाही."

"मग चारा जरूर पाठवू. फक्त अलीकडे ज्यांना मत आहे, त्यांना विचारून पाठवू."

सगळ्यांत जास्त मतं होती रानडुकरांची. त्यांचे पुढारी सुळोजीराव. त्या वर्षी डुकरांनी उकरून उकरून कडू करांद्यांचा, म्हणजे रानकंदांचा, डोंगर रचला होता. कडू करांदा कच्चा कुणी खात नाही, डुकरंही खात नाहीत. डोंगर तसाच पडून होता आणि सुळोजीराव नाराज होते.

"आमचे करांदे पाठवा," सुळोजीराव म्हणाले. "दानाला दान, आणि आमची जागा मोकळी."

"हरणं गवत खातात," विश्राम म्हणाला.

"भुकेल्याला चव नसते, वकीलसाहेब."

 विश्रामनं मनाशी म्हटलं, निदान काहीतरी जाऊ दे. "मग करांदे पाण्यात सोडू," तो म्हणाला. "या वळणावरून प्रवाह थेट पलीकडच्या काठाला जातो. दुपारी सोडले की संध्याकाळच्या आत पोचतील."

तेवढ्यात पाण्यातून कासवांच्या संघाचा अध्यक्ष वर आला. "राज्याचं सामान परराज्यात जातं ते आमच्याच पाठीवरून. तसा नियम आहे. प्रवाहानं न्यायचं, तर आम्ही काय करायचं?"

मुंगसानं कासवांची मतं मोजली. सत्तावीस होती. "कासवांच्या पाठीवरूनच जाईल," तो म्हणाला.

ठरलं. एका कासवावर दोन करांदे. प्रत्येक करांद्यावर राजाच्या पंजाचा लाल ठसा, म्हणजे खाणाऱ्याला कळावं कुणामुळे खातोय. राजा तीन दिवस गेरूत पंजा बुडवून बसला. चौथा दिवस असाच उजाडला आणि मावळला.

पाचव्या दिवशी तरस उभं राहिलं. तरसालाही राजा व्हायचं होतं. त्यानं टेकडीवर सभा भरवली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," ते म्हणालं. "आपले ससे उपाशी, आणि करांदे चालले परक्यांना." त्यानं एका सशाला कान धरून उचललं. "बघा याची अवस्था."

"मी आत्ताच जेवून आलोय," ससा म्हणाला.

"भुकेनं भ्रम झालाय त्याला," तरस म्हणालं. सभा हळहळली.

दुसऱ्या दिवसापासून रानभर एकच घोषणा सुरू झाली. आधी अलीकडचे. ज्यांनी जन्मात करांद्याला तोंड लावलं नव्हतं, ते आता करांद्यांवर पहारा देऊ लागले. मुंगसानं पुन्हा मतं मोजली. राजानं गेरूतून पंजा काढला आणि मदतीचा विचार करायला एक समिती नेमली. समितीत तीन घुबडं होती. ती दिवसा झोपत आणि बैठक दिवसा असे.

आठव्या दिवशी विश्राम पलीकडे गेला. कुणी धाडलं नव्हतं. आपणहून गेला.

ठिपकाईच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. विश्रामनं पाडसं मोजली. आठ. त्यानं पुन्हा मोजली. ज्यानं त्याचा पाय चाटला होता, ते दिसेना. 

"तुमच्या राजाला आमचा राग आहे का?" तिनं विचारलं.

"राग असता तर बरं झालं असतं," विश्राम म्हणाला. "रागात निदान आठवण तरी राहते."

ठिपकाईनं मान वळवून नदीपलीकडे पाहिलं. "तुमच्या काठावर गवत उभं आहे. पुरुषभर उंच. इथून हिरवं दिसतं. मी पाडसांची तोंडं कातळाकडे करून ठेवते, म्हणजे त्यांना दिसू नये."

विश्राम परतला. काठावरच्या उंच गवतात एका पायावर उभा राहिला. एवढी वर्षं तो याच गवतात उभा राहत आला होता. ते कुणाच्या कामाचं नव्हतं. डुकरं ते खात नसत, माकडं त्यात उतरत नसत. कापून नदीत टाकलं की काम झालं. पण टाकायचं कुणी? हरणांसाठी म्हटलं की समिती बसणार.

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच दरबारात न जाता तो थेट सुळोजीरावांच्या चिखलात गेला.

"या, वकीलसाहेब. काय म्हणतात तुमची हरणं?"

"हरणांचं जाऊ द्या," विश्राम म्हणाला.  "काठावर फार गवत माजलंय. त्यात बिबळ्या लपतो म्हणतात."

खरं म्हणजे असं कुणीच म्हणत नव्हतं. त्या दिवसापासून सगळेच म्हणू लागले.

सुळोजीरावांनी पिल्लं आत घेतली. माकडांनी काठावरची झाडं सोडली. तिसऱ्या दिवशी तर एका खारीनं बिबळ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिच्या बहिणीनं दोन पाहिले. तरसानं तातडीनं सभा घेतली. "काठावर बिबळे, आणि राजा काय करतोय?"

मुंगसानं धावत जाऊन राजाला उठवलं. तासाभरात घोषणा झाली : काठ मोकळा, रान सुरक्षित. राजानं स्वतः पहिलं गवत उपटलं. पंजाला कुसळं लागली, पण हसत राहिला. डुकरांनी सुळ्यांनी गवत उकरलं, माकडांनी मोळ्या बांधल्या. दुपारपर्यंत हिरव्या गवताचा ढीग झाला.

"आता हे ठेवायचं कुठं?" राजानं विचारलं. "वाळलं तर आपल्याकडेही वणवा लागेल."

 विश्राम एका पायावर उभा होता. "नदीत टाकावं," तो हळूच म्हणाला. "केर नदीतच टाकतात."

"वाहून पलीकडे जाईल," मुंगूस म्हणाला.

"जाईल खरं."

"पलीकडच्यांना चालेल?"

"त्यांना विचारायची पद्धत नाही," विश्राम म्हणाला.

हे सगळ्यांना पटलं. कासवांच्या अध्यक्षांनी निवेदन दिलं, की मदत वाहून नेणं हा आमचा हक्क असला तरी केर वाहणं आमच्या पाठीला शोभत नाही, तो प्रवाहानं जाऊ द्यावा. आता तरस काय करणार? केर परक्यांच्या दारात टाकू नका म्हणायची त्याची छाती नव्हती. "एवढासाच का?" ते म्हणालं. "याहून जास्त टाकला पाहिजे." मग जास्त टाकला.

मोळ्या वळणावरून निघाल्या आणि ऊन कलायच्या आत पलीकडे लागल्या.

विश्राम वरून उडत त्यांच्या पुढे पोचला. कळप काठावर आला. आधी कुणी तोंड लावेना. मग ठिपकाईनं एक काडी ओढली, चावली आणि पाडसांची तोंडं नदीकडे वळवली. नंतर बराच वेळ चावण्याखेरीज आवाज नव्हता. पाडसं सात होती. विश्रामनं या वेळी पुन्हा मोजली नाहीत.

"ही तुमच्या राजाची मदत का?" ठिपकाईनं विचारलं.

"नाही. केर आहे."

तिनं जरा विचार केला. "बरं झालं," ती म्हणाली. "मदत असती तर आली नसती."

पण बाळांनो, कौल काय अलीकडेच असतो असं नाही. पलीकडचा राजा होता गवेराव, धिप्पाड गवा. त्याच्याकडेही निवडणूक तोंडावर आली होती. नीलगायींनी त्याला घेरलं. "शेजारी आपल्या तीरावर केर टाकतात आणि तुम्ही मूग गिळून बसता?"

"मूग नाही, गवत," गवेराव म्हणाला. त्याचं तोंड भरलेलं होतं. त्यानं विश्रामला बोलावलं आणि चघळत चघळत खलिता सांगितला. "आमच्या पवित्र तीरावर आपण जो केर टाकत आहात, त्याचा आम्ही तीव्र निषेध करतो. हा प्रकार ताबडतोब." तो थांबला. घास गिळला. समोरचा ढीग पाहिला. "ताबडतोब हा शब्द काढ. यथावकाश घाल."

विश्रामनं यथावकाश घातलं.

अलीकडे दरबार भरला होता. विश्रामनं खलिता वाचला आणि डोळे मिटले. त्याला वाटलं, संपलं आता. राजा घाबरेल, माफी मागेल, केर थांबवेल.

राजा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "निषेध? माझा?" त्यानं खलिता हातात घेऊन पुन्हा वाचला. "प्रधानजी, हे टेकडीवरून वाचून दाखवा. रोज दोन वेळा."

मुंगसानं 'यथावकाश' हा शब्द गाळून वाचून दाखवलं. रान पेटून उठलं. शेजारी चिडलाय म्हणजे आपला राजा खंबीर आहे, हे लहान लहान उंदरांनाही कळलं. ज्यांनी करांद्यांवर पहारा दिला होता, तेच आता गवत उपटायला पुढे झाले. काठ संपला तेव्हा टेकडीचा उतार घेतला. कौलाच्या दिवसापर्यंत नदी हिरवीगार वाहत होती. राजा न भूतो न भविष्यति असा निवडून आला. पलीकडे गवेरावही निवडून आला, कारण त्यानं निषेध करून दाखवला होता.

मग विश्रामचा सत्कार झाला. "वीस वर्षांत या वकिलानं कधी एवढा कडक खलिता आणला नव्हता," राजा म्हणाला. "दोन्ही राज्यांचे संबंध बिघडवण्यात यांचा वाटा मोठा आहे." त्याच्या लांब मानेत रानफुलांचा हार घातला. विश्राम मान खाली घालून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, किती विनय आहे.

सत्कार आटोपला. मुंगूस त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे बारीक झाले होते. "वकीलसाहेब, एक विचारू? कौल तर झाला. आता गवत उपटायचा खटाटोप थांबवावा म्हणतो. पण आधी खरं सांगा. आपण टाकतो त्या केराचं ते पलीकडे करतात तरी काय?"

मृगाला अजून दहा दिवस होते.

विश्रामनं एक पाय वर घेतला. "प्रधानजी, फार त्रास होतोय त्यांना."

"किती?"

"असह्य."

मुंगसाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग राहू दे चालू," तो म्हणाला.

तात्पर्य : चांगलं काम गाजावाजा न करता करावं असं थोर लोक सांगतात, बाळांनो, ते विनयासाठी नव्हे. शेजाऱ्याच्या तोंडी घास घालायचा असेल, तर घरच्यांना सांगावं की आपण त्याच्या दारात केर टाकतोय. मग बहुमतानं मदत होते. आणि कुणी आपल्या दारात केर टाकला, तर निषेध जरूर करावा. मात्र तोंडातला घास संपल्यावर.