पाहुण्याचं फायनल इन्स्पेक्शन

माझ्या आयुष्यात मी ज्यांचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे त्यांचं नाव रामचंद्र खंडागळे, आणि पहिल्या भेटीत त्यांनी मला रिजेक्ट केलं होतं.

मी तेव्हा नुकता बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे पदवीचा कागद मी ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवून, ट्रंक मांडीवर धरून पिंपरीपर्यंत आणली. खंडागळेकाका आमच्या शाळेच्या शिपायाचे लांबचे मेहुणे. एवढ्याच ओळखीवर मी त्यांच्या चाळीत पोचलो. काकांनी दार उघडलं, पण आत घेतलं नाही. बाहेर येऊन माझ्याभोवती एक संथ फेरी मारली.

"कॉलर रिजेक्ट. भांग रिजेक्ट. चप्पल पास. इंग्रजीत बोल काहीतरी."

"माय नेम इज..."

"बास. रिजेक्ट."

मी ट्रंक उचलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण मुळातलं ओतकाम, कास्टिंग, चांगलं आहे. रिवर्क होईल. ये आत."

काका एका मोठ्या कंपनीत इन्स्पेक्टर होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. मापात असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल, आणि थोडंफार घासून मापात येण्यासारखा असेल तर पिवळा. पिवळा म्हणजे रिवर्क. अडचण एवढीच होती की कंपनीचा भोंगा झाला तरी काकांची ड्यूटी सुटत नसे. मंडईत ते दुधी भोपळा डोळ्यासमोर आडवा धरून त्याचा बाक बघायचे. कुणाच्या लग्नाला गेले की नवरानवरीआधी मांडवाच्या खांबांकडे बघायचे आणि "ओळंब्यात नाही" असं म्हणूनच आहेर द्यायचे. एकदा शेजारच्या कुसुमवहिनींनी हौसेने करंज्या आणून दिल्या. काकांनी त्यातल्या दोन बाजूला काढल्या.

"ह्यांच्या कडा जुळत नाहीत."

"भावजी, खायच्या आहेत त्या, इंजिनात बसवायच्या नाहीत!" वहिनी म्हणाल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या. काका मग दिवसभर त्या बाजूला काढलेल्या दोन करंज्यांवर राहिले.

त्यांची खोली एकच. कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली स्टोव्ह, आणि लांबलचक भिंतीवर खिळ्यांची एक रांग. खिळे एका ओळीत, सारख्या अंतरावर, अर्थातच सूत धरून ठोकलेले. प्रत्येक खिळ्याला नाव होतं. हा दत्तूचा, म्हणजे पुतण्याचा. हा बहिणीच्या थोरल्याचा. हा गावाकडच्या कुणा भिकूचा. सगळे शिकायला नाहीतर नोकरी शोधायला आले, काकांकडे राहिले, मार्गी लागले आणि गेले. त्यात काकांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "खिळा कुठं मोकळा होता?" गेलेल्यांपैकी कुणी फारसं फिरकत नसे, आणि काकांची तशी अपेक्षाही दिसत नसे. "आपण वर्कशॉप आहे, गोडाऊन नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माल तयार झाला की गेटच्या बाहेर."

रांगेतला शेवटचा खिळा माझा झाला. काकांनी मला मुलाखतीत ताठ बसायला शिकवलं, वाक्यागणिक 'सर' म्हणायची सवय मोडली आणि माझ्या कॉलरचा रिवर्क स्वतः इस्त्री तापवून केला.

एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून येताना काकांच्या सायकलच्या कॅरियरवर कंपनीच्या खाकी कोटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कोटातून एक नाक बाहेर आलेलं. हमरस्त्यावर ट्रकखाली सापडलेलं कुत्रं. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्याचा मागचा डावा पाय काढावा लागला. काकांनी माझ्या खिळ्याशेजारी आणखी एक खिळा ठोकला आणि त्यावर साखळी अडकवली.

"पाहुणा आहे," ते म्हणाले. "बरा झाला, चालायला लागला, की चांगलं घर बघून द्यायचा."

"नाव काय ठेवायचं?"

"नाव त्याच्या घरचे ठेवतील. आपण कोण?"

त्यामुळे सगळी चाळ त्याला पाहुणाच म्हणू लागली.

"आधी हा बी.एस्सी. आणला, आता हे कुत्रं," कुसुमवहिनी म्हणाल्या. "दोन पायांचं झालं, चार पायांचं झालं..."

"तीन," काकांनी दुरुस्ती केली.

पाहुण्याला सांभाळायचे नियम कडक होते. कुरवाळायचं नाही, लळा लागला तर जाताना जड जातं. मालिश मात्र करायची, कारण मालिश हे काम आहे. काका रोज तिळाचं तेल कोमट करून त्याचा उरलेला मागचा पाय चोळत. मग मान. मग कानामागे.

"काका, कानामागे कशाला? पाय तर इकडे आहे."

"सगळ्याचा तोल तिथनं येतो. तुमच्या बी.एस्सी.त हे नसतं." आणि मालिश चालूच.

शहाबादी फरशीवर पाहुणा घसरायचा, म्हणून काकांनी खोलीभर गोणपाट अंथरलं. मग त्यांच्या मनात चौथ्या पायाने घर केलं. त्यांनी कागदावर पायाचं ड्रॉइंग काढलं, कंपनीतल्या सुताराला मस्का लावून सागवानी पाय करून आणला, त्याला चामड्याचे पट्टे लावले. चाळ बघायला जमली. पाय बांधला. पाहुण्याने मान वळवून तो हुंगला, शांतपणे खाली बसला आणि कुरतडून खायला लागला. संध्याकाळपर्यंत पट्टे उरले.

"खंडागळेभाऊ, मटेरियल रिजेक्ट काय?" कुणीतरी ओरडलं.

काकांनी गोणपाटावर बसून उरलेले पट्टे गोळा केले. मग म्हणाले, "नाही राव. मटेरियल पास आहे. मागणीच नव्हती. चौथा पाय त्याला नको होता, आपल्याला पाहिजे होता." दुसऱ्या दिवसापासून ते पाहुण्याला तिन्ही पायांवर चढ-उतार शिकवू लागले. चाळीच्या जिन्यावर तो एक पायरी चढला की काकांची मान आपोआप 'पास' म्हणून हलायची.

तो धावायला लागला तसा घर शोधायचा उद्योग सुरू झाला. लोकांना तीन पायांचं कुत्रं घ्या म्हणायचं, आणि वर आपणच त्यांचं घर तपासायचं, हे फक्त काकांनाच सुचू शकतं. काकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. दर गुरुवारी आम्ही कुणाच्या तरी अंगणात उभे. "तिपाई कधी डुगडुगलेली बघितली?" काका सुरुवात करायचे. "खाली जमीन कशीही असू दे, तिपाई बसतेच. डुगडुगतं ते चार पायांचं टेबल." ऐकणारा जरा वळतोय असं वाटलं की काका त्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या हलवून बघायचे, पाण्याची भांडी वास घेऊन तपासायचे आणि निघताना मला मोठ्याने सांगायचे, "रिजेक्ट."

अखेर काळेवाडीतला एक किराणा दुकानदार पास झाला. सज्जन माणूस. पाहुणा वाजतगाजत गेला आणि तीन आठवड्यांतच परत आला. दुकानदार स्वतः सायकलवर बसवून घेऊन आला होता.

"भाऊ, कुत्रं गुणी आहे," तो हात जोडून म्हणाला, "पण ह्याचं मला काही कळेना. आला तेव्हा रात्रभर जागायचा. मी म्हटलं, वा! पुढच्या आठवड्यात संध्याकाळी झोपला तो उजाडेपर्यंत उठला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मध्यरात्री जेवायला मागायला लागला. माझ्या बायकोला वाटतं, ह्याला काहीतरी बाहेरचं आहे."

मी आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेरचं काही नव्हतं. काकांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट, सेकंड, नाइट. त्याप्रमाणे पाहुण्याचं जेवण बदलायचं, फिरणं बदलायचं, झोप बदलायची. आम्ही त्याला चालायला शिकवता शिकवता पक्का कामगार करून सोडलं होतं.

काका इतके खजील झालेले मी कधी बघितले नव्हते. "त्याचा दोष नाही," ते म्हणाले. "शिक्का माझा होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडे कायमची जनरल शिफ्ट, म्हणजे रोजची दिवसपाळी, मागितली. इतकी वर्षं कुणी मिनतवारी करूनही जो माणूस आपली शिफ्ट कुणाला बदलून देत नव्हता, तो स्वतः आला म्हणून साहेबांनी कारण विचारलं. काकांनी सांगितलं, "घरात पाहुणा आहे." साहेबांना वाटलं, उशिरा का होईना, लग्न ठरलं. त्यांनी पेढे मागितले.

पारूबाई भेटली ती चाकणच्या बाजारात. काका कांदे घेत होते, म्हणजे एकेक कांदा फिरवून बाजूला टाकत होते. ढिगामागे बसलेली बाई ते टाकलेले कांदे उचलून परत ढिगावर ठेवत होती. मग म्हणाली, "दादा, कांदं घ्यायचं हाय का सून बघायचीय?"

"मान जाड आहे ह्यांची. टिकायचे नाहीत."

"तुमची बी जाडच हाय. टिकलाच की एवढं!"

काकांना कुणी असं रिजेक्ट केल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. ते चक्क हसले. बोलता बोलता कळलं की बाईचा नवरा वारलेला, मुलगा कारखान्यात चिकटलेला, आणि वाडीवरची कांदे साठवायची चाळ राखायला कुत्रं हवंच होतं. पुढच्या गुरुवारी काकांनी पाहुण्याला कॅरियरवरच्या पाटीत बसवलं आणि आम्ही दोन सायकलींवर भोसरी-मोशीच्या रस्त्याने वाडीवर गेलो. काका तिपाईचं भाषण सुरू करणार, तोच पारूबाईने हात आडवा केला.

"तीन पाय हायेत ते दिसतंय मला. त्यो भाकरी खातो का?"

"खातो."

"मग झालं की. ये रं, बाळ्या."

पाहुणा उठला आणि तिच्या पायाशी जाऊन बसला. त्याला नाव मिळालं होतं. काका फाटकाच्या बिजागऱ्या बघायचंच विसरले.

तरी फायनल इन्स्पेक्शन बाकी होतं. काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. बाळ्या काकांना बघून उलटासुलटा झाला, सायकलच्या मागे निम्म्या रस्त्यापर्यंत धावत आला, आणि पारूबाईला त्याला साखळीने ओढत न्यावं लागलं. त्याने दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, असा तिचा निरोप आला.

काका म्हणाले, "अजून पास नाही. ज्या दिवशी तो माझ्यावर भुंकेल, त्या दिवशी ते घर त्याचं झालं."

मग त्यांनी जाणं बंद केलं. गुरुवार आला की सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून बसायचे आणि मग ती टोपी काढून ठेवायचे. तिळाच्या तेलाची बाटली मात्र स्टोव्हशेजारी तशीच होती. अखेर कांदा चाळीत भरायच्या दिवसांत एका गुरुवारी ते म्हणाले, "चल."

सायकली लांब झाडाखाली लावून आम्ही बांधाच्या कडेने चालत गेलो. कांद्याच्या चाळीच्या सावलीतून बाळ्या उठला. अंगाने भरला होता. तिन्ही पाय घट्ट रोवून तो आमच्यावर भुंकला. असा भुंकला, की वाडीवरच्या कोंबड्या उडाल्या.

"पास!" काका म्हणाले. इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ऐकलंस? मालकासारखा भुंकतोय! फायनल पास!"

आणि तेवढ्यात भुंकणं थांबलं. वारा आमच्याकडून तिकडे फिरला होता. काकांनी माझं मनगट धरलं आणि मला वळवलं.

"चल लवकर. मागं बघू नकोस. बघितलंस तर येईल तो."

पिंपरीपर्यंतच्या वाटेतला एकही खांब त्यांनी ओळंब्यात आहे का नाही ते बघितलं नाही.

पुढे मला तळेगावच्या एका कंपनीत नोकरी लागली. काकांनी माझी कॉलर शेवटची तपासली आणि म्हणाले, "सारखं सारखं येत जाऊ नकोस आता. तिकडे रूळ." मी दिवाळीला गेलो तर चहा पाजला आणि पुढच्या लोकलने परत पाठवलं. लग्नाला आले, मांडवाचे खांब बघितले, जेवून लगेच गेले. घरी या म्हटलं की "बघू". मला वाईट वाटायचं. मग एका गुरुवारी, आमच्या नव्या घरात एकटाच चहा पीत असताना, मला ते सगळं एकदम उमगलं, आणि मी कागद घेऊन बसलो. ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप काकांस, शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरीत कायम झालो. दोन खोल्या घेतल्या आहेत, स्टेशनपासून चालत अंतरावर. मी टोमॅटो निवडायला लागलो की मंडळी विचारतात, हे कुणाकडून शिकलात?

काका, त्या गुरुवारी तुम्ही मागं बघू नकोस म्हणालात. मी बघितलं होतं. बाळ्या बांधापर्यंत आला होता. तो पुढे आला नाही, पण गेलाही नाही. आपण झाडाखालून सायकली काढेपर्यंत तो तिथेच उभा होता आणि त्याची शेपूट हलत होती. घर त्याचं झालं म्हणून तो तुम्हाला विसरला नव्हता. त्याला दोन्ही जमत होतं.

माझंही घर झालं आहे. तुमच्या हिशेबाने मी आता तुमच्यावर भुंकायला हवं, म्हणून तुम्ही लांबून वाट बघताय, हे मला कळायला उशीर झाला. मला ते जमणार नाही. तेवढ्यापुरता मला रिजेक्ट करा, पण इथे येऊन करा.

येत्या गुरुवारी या. तुमच्या टोपीसाठी भिंतीत एक खिळा ठोकला आहे. तो जरा तिरका गेला आहे. तुम्ही येईपर्यंत मी तो सरळ करणार नाही.

आपला,
बी.एस्सी.