आक्कांचं जवळ

चंपाआक्कांसमोर ‘जवळच आहे’ असं चुकूनही म्हणू नये. म्हणणाऱ्याचं मनगट त्या गच्च धरतात आणि विचारतात, “कुणाच्या पायानं?” मग सुटका नाही. जे ठिकाण जवळ म्हणालात, तिथं त्यांच्याबरोबर चालत जायचं. तेही त्यांच्या चालीनं.

मी एकदा पोस्ट जवळ आहे म्हणालो होतो. माझा पाच मिनिटांचा रस्ता. आक्कांबरोबर पंचवीस मिनिटं लागली, कारण आम्ही वाटेत दोनदा टेकलो. एकदा सायकलच्या दुकानाच्या पायरीवर, एकदा हळदीच्या पोत्यावर. आक्कांचं अंतर असंच मोजलं जातं. एकदा टेकलं की गिरणी, दोनदा टेकलं की पोस्ट, तीनदा टेकलं की भाजीबाजार. किलोमीटर हे गाडीवाल्यांचं खूळ. ‘बाजार अगदी जवळ’ म्हणणाऱ्या एका घरं दाखवणाऱ्या एजंटाला त्यांनी दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या देऊन बाजारातून चालवत आणलं. तो परत आमच्या गल्लीत दिसला नाही.

आक्कांचं सगळं आयुष्य सांगलीतल्या आमच्या गल्लीत गेलं. दोन वर्षांपूर्वी मुलानं बायपासपलीकडं बंगला बांधला आणि त्या तिकडं गेल्या. तरी दर गुरुवारी बीपी दाखवायला गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात यायच्या आणि दुपार कलेपर्यंत घराघरांतून गप्पा मारत बसायच्या.

यंदा तो दवाखाना हलवायचं ठरलं. सांगायला आरोग्य खात्याचे साहेब आले तेही नेमके गुरुवारी. दवाखान्याच्या अंगणात गल्ली जमली. साहेबांनी नकाशा उघडला. “नवी इमारत बायपासपलीकडं आहे. ऐसपैस आहे. आणि काळजी करू नका, जवळच आहे.”

मी गर्दीत आक्कांना शोधू लागलो.

गर्दीतून वाट काढत आक्का पुढं आल्या आणि त्यांनी साहेबांचं मनगट धरलं. “कुणाच्या पायानं?”

“आजी, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे.”

“मग चला की चालत. ही शबाना बी यील.” शबाना आमच्या शिंप्याची सून. आठवा महिना. “तपासायला हिलाच जायचं हाय न्हवं?”

“येते मी,” शबाना म्हणाली. “आज न्हाई तर पुढच्या आठवड्यात जावंच लागणार.”

साहेब गाडीकडं बघू लागले. “गाडी न्हाई,” आक्का म्हणाल्या. “हिच्याकडं कुठं हाय गाडी?”

आक्का, शबाना, साहेब आणि मी, असे आम्ही चौघं निघालो. भर दुपार, फूटपाथचा पत्ता नाही. टायरच्या दुकानापाशी पहिल्यांदा टेकलो तेव्हाच साहेबांची दहा मिनिटं संपली होती. पुढं बायपास. ट्रक, आणि उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. कसाबसा अर्धा रस्ता ओलांडून आम्ही दुभाजक गाठला आणि शबाना मटकन खाली बसली.

“आक्का, पोटात ओढ बसतीया.”

आक्कांनी पदरानं तिचं तोंड पुसलं. “सावकाश श्वास घे, बाय.” त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी फोन करून ड्रायव्हरला गाडी नव्या इमारतीपाशी आणायला सांगितलं. पण तिथवर जायचं तर उरलेला अर्धा रस्ता होताच. मी हात हलवत होतो. कुणी थांबेना.

अचानक साहेब रस्त्यात उतरले. नकाशाची गुंडाळी उंच धरून एका ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. ब्रेक किंचाळले. ट्रॉलीतला ऊस पुढं झुकला.

“मरायचं हाय व्हय रं?” ट्रॅक्टरवाला ओरडला.

“थांब म्हणतोय ना! बाई आहे इथं!” साहेबही ओरडले.

शबानाला दोन्हीकडून धरून आम्ही पलीकडं नेलं. गाडी आली आणि शबानाला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. नव्या इमारतीला लागूनच एक हिरवं गेट होतं. आक्कांनी ते ढकललं. “आत या. फोन येईस्तवर बसा,” म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

तासाभरानं शबानाच्या नवऱ्याचा फोन आला. ऊन लागलं होतं. बाळंतपण होईपर्यंत जपा म्हणाले डॉक्टर, बाकी आई-बाळ दोघं ठीक. साहेबांनी घाम पुसला. “तपासणी आणि बीपीची खोली गल्लीतच राहील,” ते म्हणाले. “वर काय सांगायचं ते मी सांगतो.” आणि महिन्याभरात तसा आदेश खरोखर आला.

त्या दुपारी साहेब गेल्यावर मी म्हणालो, “आक्का, दवाखाना तर तुमच्या भिंतीला भिंत लागून येत होता.”

त्यांनी भिंतीपलीकडच्या नव्या इमारतीकडं पाहिलं.

“व्हय. दवाखान्याला जायचं म्हनून तर घरची गुरुवारी गल्लीत सोडत्यात मला. तो हितं आला, तर गल्लीत कशाला जाऊ द्यायची? पोरगं-सून कामावर जात्यात. दिवसभर बोलाय कुनी न्हाई रं.” मग हळूच म्हणाल्या, “शबानाला रस्त्यात घातलं मी. माज्यापायी.”

“तिच्यासाठीही होतंच की ते.”

“व्हतं. पर माज्यासाठी बी व्हतं.”

तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. तरी त्यांनी तो माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “आजून जरा बस की.”

ऊन उतरलं, तरी मी उठलो नाही.