हशाचा मापाडी

धोंडीराम मापाडी टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघत.

दर रविवारी सकाळी तीर्थपुरीच्या आमच्या वाचनालयात साठ-सत्तर माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. आणि टीव्हीच्या लाकडी खोक्याला पाठ टेकून, सगळ्यांकडे तोंड करून, एकटे धोंडीराम. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्याला मळका रुमाल, समोर जमिनीवर ज्वारीचे मूठभर दाणे. हॉलमध्ये हशा झाला की ते एक दाणा डावीकडून उजवीकडे सरकवत आणि पुटपुटत, "लाभ." पुढच्या हशाला म्हणत, "दोन." मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. धोंडीरामांची तीस वर्षं तूर आणि ज्वारी मोजण्यात गेली होती. आता ते हशा मोजत होते.

नुसते मोजत नव्हते, त्याची प्रतवारीही करत. कार्यक्रम संपला की माझ्याजवळ येऊन सांगत, "गुरुजी, आज अठरा. पर सातव्यात भेसळ व्हती. शेषराव निस्ता बायकांच्या बाजूला ऐकू जावं म्हनून हासला. अकरावा ओला. तोंडावर हासले, पोटात काई नव्हतं."

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि वाचनालयाचा मानद कार्यवाह होतो. मानद म्हणजे झाडण्यापासून सगळं मी करायचं. टीव्ही आमचे अध्यक्ष नानासाहेब यांनी भेट दिला होता. खोक्यावर त्यांचं नाव टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या चौपट मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी दूरचित्रवाणीच्या उपयोगावर इतका वेळ भाषण केलं की जो कार्यक्रम दाखवायचा होता तो संपून गेला.

रविवारची ती मालिका गाण्यांची होती, विनोदी होती आणि वेडाची होती. सुमन नावाची एक टेलिफोन ऑपरेटर. तिचं डोकं बिघडलं की तिला सगळ्यांचं बोलणं गाण्यात ऐकू येई. रेशनवाला तालावर सांगे की रॉकेल संपलं. सासू आलापी घेऊन भांडे. डॉक्टर तपासताना तान मारत. सुमनने गोळ्या घेतल्या की हे सगळं बंद. माणसं साधी बोलू लागत, आपल्यासारखी.

इथंच गावाचं बिनसलं. साध्या बोलण्याचा पुरवठा गावाला घरी भरपूर होता. त्यासाठी रविवारी वाचनालयात यायची कुणाला हौस नव्हती. शेषराव शिंपी या पक्षाचा पुढारी. सुमनच्या हातात गोळी दिसली की तो मागून ओरडे, "अगं फेक ती. समदा मजा घालवती बया." एका रविवारी तिने खरंच गोळ्यांचं पाकीट खिडकीतून बाहेर फेकलं आणि सगळं टेलिफोन ऑफिस नाचू लागलं. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, एक टोपी छतापर्यंत गेली. मी धोंडीरामांकडे पाहिलं. त्यांनी एकही दाणा हलवला नव्हता.

चार दिवसांनी ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात उभे राहूनच म्हणाले, "गुरुजी, गयानं गोळ्या बंद केल्या."

गया त्यांची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी सासरच्यांनी तिला आणून सोडलं, ते परत न्यायला कुणी आलं नाही. धोंडीरामांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची गावाने तसदी घेतली नव्हती. गया कधी आठ-आठ दिवस पांघरुणातून बाहेर येत नसे, आणि कधी उलट, दिवसरात्र गात राही, जेवत नसे, झोपत नसे. एकदा तशीच गोदावरीपर्यंत चालत गेली होती. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून बरी होती. स्वयंपाक करी, तूर निवडी. त्यांच्या घराची आणि वाचनालयाची भिंत एकच होती, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

"पैल्या रविवारी हितून हासायचा आवाज आला," धोंडीराम म्हणाले, "तर ती बाजंखाली जाऊन बसली. तिला वाटलं गाव तिलाच हासून राह्यलं. म्हनून मी येऊन बसलो. कोन कशाला हासलं ते बघायचं आन घरी जाऊन सांगायचं. ह्यो रॉकेलवाल्यावर, ह्यो सासूवर. समदं ऐकून घेती, मंग जेवती."

"आणि गोळ्या?"

"सुमनबाईनं फेकल्या तवा समद्या गावानं टाळ्या वाजिवल्या. गया म्हनती, गाव म्हनून राह्यलं फेक, तर मी कामून खाऊ?"

"अहो, ते नाटक आहे म्हणून सांगा तिला."

"सांगितलं. ती म्हनली, नाटक खोटं आसंल. टाळ्या तर खऱ्या व्हत्या."

'दूरचित्रवाणी : शाप की वरदान' हा निबंध मी बारा वर्षं वर्गात घेत आलो होतो. त्यात हा मुद्दा नव्हता.

येत्या रविवारी शेवटचा भाग होता. मी म्हणालो, टीव्ही बिघडल्याचं जाहीर करतो. धोंडीरामांनी मान हलवली. "बिलकुल न्हाई. आवाज गेला पायजे. सुमनबाई गोळी घेईल आन गाव टाळ्या वाजवील, ते गयाला ऐकू आलं पायजे. न्हाई तर सोमवारी मला तिला घेऊन दवाखान्यात जावं लागतंय. मागल्या बारीला चार महिने ठिवली व्हती. आली तर केस कापलेले, आन दिवाळीपोतर एक शब्द न्हाई बोलली."

"पण सुमन गोळी घेईल कशावरून?"

"घेईल. शेवटाला समदे शानपणच करतेत. गावाचं सांगता येत न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते तीर्थपुरीने निवडणुकीतही पाहिलं नव्हतं. ऐन सुगीत, मोंढ्यातलं काम सोडून, ते घरोघर फिरले. "रविवारी त्या बाईनं गोळी घेतली की टाळ्या वाजवा." एवढंच. कारण सांगायचं नाही. मला ताकीद होती: "गयाचं नाव काढायचं न्हाई, गुरुजी. लोक दया करतेल. दयेची टाळी तिला बराबर वळखू येती."

शेषरावाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. शेषरावाने मशीन थांबवलं. "मामा, सुमनबाईच्या तब्येतीची तुमाला लईच काळजी. सोयरीक हाय का काय?"

"हाय म्हन."

"मंग कळवा तिला, गुळासंगं खाय म्हनावं. जल्दी गिळती."

"तू टाळी वाजिवतो का न्हाई ते सांग."

"वाजिवतो की. दोन्ही हातानं वाजिवतो." आणि ते बाहेर पडल्यावर मला ऐकू येईल अशा बेताने गिऱ्हाइकाला म्हणाला, "घरातलं याड ह्यांना बी लागलं."

सगळ्यांनी कबूल केलं. ज्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही अशा माणसाला कबूल करतात, तसं. शुक्रवारी मी वाचनालयात पेपर लावत होतो तेव्हा भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं. गळा गोड होता, ही त्यातली वाईट गोष्ट. शब्द कळत नव्हते, सूर चढत चालला होता. शनिवारी संध्याकाळीही तो चालूच होता. वाचायला आलेली माणसं पेपर उलटे-सुलटे करून लवकर उठून गेली. धोंडीरामांनी गावापुढे तिचं नाव काढलं नव्हतं, आणि गावानेही काढलं नाही.

रविवारी हॉल भरला. नानासाहेब पहिल्या रांगेत, हातांच्या खुर्चीत. धोंडीराम खोक्याला टेकून. डोळे तांबडे, दाढी वाढलेली. दाणे आणले नव्हते. शीर्षकगीत सुरू झालं तशी भिंतीपलीकडेही तेच गाणं सुरू झालं, एक ओळ पुढे. मग ते थांबलं. ती ऐकत होती.

भाग पुढे सरकत होता आणि मी टीव्हीऐवजी धोंडीरामांचा चेहरा बघत होतो. दोन-तीन हशे झाले. त्यांनी ओठ हलवले नाहीत. शेवटी सुमनच्या तळहातावर गोळी आली. भोवतीचे सगळे, रेशनवाला, सासू, ऑफिसातल्या बाया, गाऊ लागले की नको घेऊस, आम्ही जाऊ, पुन्हा येणार नाही. एकेक जण दाराकडे मागे सरकत गात होता. गाणं फार छान होतं. मी गोळीच्या पक्षाचा असूनही माझ्या मनात आलं की हिने जरा थांबायला हरकत नाही.

सुमनने पाणी घेतलं आणि गोळी गिळली.

गाणं तुटलं. पडद्यावर नुसतं भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं. सासूने आत येऊन साध्या आवाजात विचारलं, "चहा टाकू का?" सुमन म्हणाली, "टाका." आणि नावं वर सरकू लागली.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. हसणं नाही, टाळी नाही, कुरकुर नाही. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते. शेषराव तोंड अर्धवट उघडं ठेवून बसला होता, आणि गळ्यातली टेप नाकाला लावत होता. टाळीचा दिलेला शब्द त्याच्या लक्षातही नव्हता. लोकांना ती बाई मनापासून आवडली होती, आणि त्यामुळेच सगळं बिघडत होतं.

धोंडीराम एकेका चेहऱ्याकडे बघत होते. हशाची तयारी करून आले होते, ओरड्याचीही. गप्प बसण्याची त्यांनी तयारी केली नव्हती. भिंतीपलीकडे काय ऐकू जात असेल याचा मी विचार केला: काहीच नाही. मी हात वर केले, पण मास्तराने एकट्याने टाळी वाजवली की तो वर्गाला दिलेला हुकूम वाटतो. माझे हात तिथेच राहिले.

तेवढ्यात नानासाहेब जागे झाले.

त्यांचं उभं आयुष्य सभा-समारंभात, पहिल्या रांगेत, डुलक्या घेण्यात गेलं होतं. भोवती बोलणं चालू असेपर्यंत त्यांना गाढ झोप लागे. शांतता झाली की जाग येई, कारण शांतता म्हणजे भाषण संपलं. त्यांनी डोळे उघडण्याआधीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जोरात, संथ, अध्यक्षीय.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्यावर आपण वाजवायच्या, एवढं शिक्षण गावाला झालेलं होतं. आधी पुढच्या दोन रांगा. मग शेषराव दचकला, त्याने धोंडीरामांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवू लागला. मग बायका. मग मी. छताचे पत्रे थरथरावेत इतक्या टाळ्या त्या खोलीने कधी ऐकल्या नव्हत्या, उद्घाटनालाही नाही.

नानासाहेब माझ्याकडे झुकले. "कोण बोलत होतं?"

"सुमन," मी म्हणालो.

"चांगली बोलली."

धोंडीराम टाळ्या संपायच्या आधीच उठून गेले होते. माणसं पांगली. मी सतरंजी गुंडाळत असताना पलीकडचं बोलणं ऐकू आलं. ऐकायला नको होतं, पण सतरंजी लांब होती.

"घेतली का रं दादा तिनं?"

"घेतली."

"खरंच?"

"समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. ऐकल्या न्हाईस?"

"ऐकल्या. मंग तिची गाणी?"

"बंद झाली."

"माझी बी व्हतेल. घर कसं गप गप व्हतं, दादा. तू तर मोंढ्यावर असतूस."

धोंडीराम म्हणाले, "मी म्हनीन की गाणी. तू गोळी घे."

"तू?"

"हां. तू घे तर."

"दे पानी मंग."

तांब्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने, पोतं फरशीवरून ओढावं तशा आवाजात, धोंडीराम गाऊ लागले. त्यांना कुठलंच गाणं येत नव्हतं. म्हणून त्यांनी सुमनच्या रेशनवाल्यासारखं घरातलंच घेतलं: गया, आता भाकरी तू थापती का मी थापू.

"दादा," गया म्हणाली, "लई बेसूर हाय."

"मंग सांग ना बराबर कसं म्हनायचं."

तिने एकदाच, हळू म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. भाकरीपाशी सूर निसटला. ती म्हणाली, "न्हाई, तितं खाली यायचं." ते पुन्हा वर गेले.