धाकटा मेहुणा पुसला गेला

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या संध्याकाळच्या समारंभाला सहा तास उरलेले असताना जावयाच्या हातून त्यांचा धाकटा मुलगा पुसला गेला.

तसा हा माणूस कॉम्प्युटरवर फोटो सुधारण्यात वाकबगार. स्टुडिओच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती : 'मूळ फोटोला हात लावू नका. आधी प्रत काढा, तिला नवं नाव द्या, आणि समोर आलेला प्रश्न वाचल्याशिवाय होकार देऊ नका.' शिकायला येणाऱ्यांकडून तो ती मोठ्याने म्हणवून घ्यायचा. स्वतः मात्र कोरडा पाषाण. बायकोने विचारलं तरी 'ठीक आहे', कॉम्प्युटरने विचारलं तरी 'ठीक आहे'.

थोरल्या मेहुण्याने वडिलांची जुनी स्कूटर न विचारता विकली, तेव्हापासून तीन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. सासरे काकुळतीला येऊन म्हणाले होते, "जावईबापू, मला काही नको. दोन्ही पोरं एका फोटोत बघू द्या." पोरं समोरासमोर यायला तयार नव्हती. मग जावयाने सोमवारी स्टुडिओतल्या सोफ्यावर सासरे आणि थोरला बसवून फोटो काढला, मंगळवारी त्याच सोफ्यावर एकट्या धाकट्याचा. मग धाकट्याला कापून, काचेवर चिकटवावं तसा वेगळ्या लेअरवर घेतला आणि बापाशेजारी बसवला. सोफ्यावर त्याची सावलीही रंगवली.

आज सोफ्याची एक सुरकुती काढायची म्हणून त्याने धाकट्याचा लेअर क्षणभर लपवला. सुरकुती गेली. सगळे लेअर एक करायला घेतल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, 'लपवलेले लेअर टाकून द्यायचे का?' तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, तीनला येतो फोटो न्यायला," थोरला म्हणाला.

"ठीक आहे," म्हणत जावयाने बटण दाबलं. एका होकारात थोरला आणि कॉम्प्युटर, दोघांची बोळवण झाली. फाईल सेव्ह केली, बंद केली, चहा घेतला, परत उघडली. सोफ्यावर धाकट्याच्या जागी नुसती सावली होती.

मूळ फोटो? कॅमेऱ्याचं कार्ड त्याने कालच असाच होकार देऊन रिकामं केलं होतं. प्रत? ती फक्त पाटीवर होती.

त्या म्हाताऱ्याने जन्मात जावयाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. डोकं धरून तो खरोखरच रडला. मग नाक पुसून धाकट्याला फोन लावला.

"लगेच या. तोच निळा शर्ट घालून."

"शर्ट वाळत घातलाय, भावजी. तीनला येतो."

"ठीक आहे."

तीन वाजता दोघे भाऊ एकाच दारात उभे राहिले. थोरल्याची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. "ही सावली कोणाची?"

जावयाने सगळं कबूल केलं.

"म्हणजे प्रतसुद्धा नाही?" थोरला ओरडला. "भिंतीवर एवढं ढळढळीत लिहिलंय!"

"मी दोन तास मान वाकडी करून बसलो होतो!" धाकटा म्हणाला.

"आपल्या बहिणीला काय माणूस मिळालाय!"

"मी तेव्हाच म्हणालो होतो, दादा."

"मीही म्हणालो होतो रे!"

तीन वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत झालं होतं. अर्ध्या तासात जावयाची आणखी सतरा खोडी निघाल्या आणि थोरला जाऊन वडिलांना घेऊन आला. दोघांच्या मध्ये बसल्यावर म्हाताऱ्याने दोघांचेही हात धरून ठेवले. जावयाने फोटो काढला. त्यात दोघेही हसत होते, अर्थात जावयाला.

या वेळी त्याने आधी प्रत काढली. मग प्रतीची प्रत. पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न बोट ठेवून दोनदा वाचला. बायको दारात उभी राहून काहीतरी सांगत होती.

"अहो, ऐकताय ना? दादा आणि धाकटा म्हणतायत, आता दर रविवारी सगळे आपल्याकडेच जमू. बायकापोरांसकट, दिवसभर. चालेल ना?"

"ठीक आहे," पडद्यावरची नजर न काढता जावई म्हणाला.